तुळशीरामच्या पोटात खडे कोणी घातले?

१

"कोन गावातनं माशी जरी चोरीला गेली ना, तरी ती कुठल्या दुकानातल्या गुळावर बसलीय हे मी चहा निवायच्या आत सांगन!" असं म्हणून पोलीस पाटील केसरीनाथनं बशीतला चहा इतक्या जोरात ओढला की बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं उठून उन्हात जाऊन बसलं.

कल्याण-भिवंडी रस्त्यावर, कोनच्या नाक्यावरचं हे हॉटेल. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि मागे करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण. केसरीनाथ रोज सकाळी तिथे बाकड्यावर मांडी घालून बसायचा, कोल्हापुरी चपला खाली काढून. अकरा वर्षांच्या पोलीस पाटीलकीत त्यानं तीन गुन्हे सोडवले होते. त्यातली एक शेळी होती, ती आपणहून परत आली. पण सांगताना तिन्हीचे तेरा व्हायचे आणि शेळीचा दरोडा व्हायचा.

आज ऐकायला दामू होता. दामूचं रेशनचं दुकान, आणि चौऱ्याहत्तर सालच्या त्या एप्रिलात रेशनवर मिलोच्या लाल ज्वारीशिवाय काही मिळत नव्हतं, तांदूळ आलाच तर अर्धा खडीचा. त्यामुळे दामू सगळ्यांशी गोड बोलायचा.

"खरां हाय, पाटील. तुमच्या नजरेतनं काय सुटतंय?"

केसरीनाथ मिशीत हसला, उठला आणि चपलेत पाय घालायला गेला. डावी चपल होती. उजवी नव्हती.

त्यानं बाकड्याखाली पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याचं तोंड रिकामं होतं.

"काय शोधता, पाटील?"

"कोन, मी? काय न्हाय." केसरीनाथनं डावी चपल पायात सरकवली. "नवस हाय माझा. उजवा पाय अनवानी ठेवायचा."

"एकच?" दामूनं हात जोडले. "कनच्या देवाचा?"

"सांगायचा नसतो," असं म्हणून केसरीनाथ तापलेल्या डांबरावर उतरला, आणि तिसऱ्या पावलाला त्याच्या तोंडून त्या देवाचं नाव निघता निघता राहिलं.

चोरानं जोड न नेता एकच चपल का न्यावी? हा विचार करत, लंगडत तो घरी पोचला, तर ओट्यावर धोंडूबाई बसली होती. तिच्या मांडीवर कुंकवाचा करंडा होता.

"पाटील," ती म्हणाली, "माझ्या लेकाला कोनीतरी दगर खायला घालतंय."

२

करंड्यात कुंकू नव्हतं. कापसावर एक तपकिरी खडा होता, तुरीच्या डाळीएवढा, काटेरी.

धोंडूबाईचा लेक तुळशीराम भिवंडीत पॉवरलूमवर होता. आठ दिवसांपूर्वी त्याच्या कमरेत अशी कळ आली की तो ताण्याच्या बीमवर आडवा पडला. भिवंडीच्या दवाखान्यात नेला, पोटाचा फोटो काढला. चार दिवस ओरडल्यावर हा एक खडा लघवीवाटे पडला. आत अजून दोन होते.

"डॉक्टर काय म्हनाला?" केसरीनाथनं विचारलं.

"म्हनाला मुतखडा हाय, पानी पी. मी बोलली, पन आला कुठनं? तं म्हनतो, होतो कुनाकुनाला. कुनाकुनाला! आमच्या सात पिढ्यांत कुनाच्या पोटान दगर न्हवता, पाटील. पोर माझा घोऱ्यावानी. त्याला कंदी काय झाला न्हाय. कंदी डोकां पन दुखला न्हाय. कसला औषध न्हाय, काय न्हाय."

हे कोणी विचारलं नव्हतं. केसरीनाथनं ते लक्षात ठेवायला हवं होतं, पण त्याचं लक्ष तळव्याच्या फोडाकडे होतं.

"मंग संशय कुनावर?"

"सुनंवर," धोंडूबाई म्हणाली. "आठ महिने झाले मानकोलीवरनं आली. तांदूळ तीच निवडते. निवडते का वेचून वेचून ह्याच्याच ताटान घालते, देव जाने. येत्या रविवारी मारुतीच्या देवलान गावकी बसवलीय. तिचे भाव पन येनार. पंचांसमोर तिला त्यांच्या हवाली करते आनि मोकली होते. माझ्या लेकीचं, हौसाचं लगीन अक्षयतृतीयेला हाय, त्याच्या आधी घर साफ झाला पायजे. तुमी फक्त एवढा करा, खडे तिनंच घातले हे शोधून द्या."

"म्हनजे आरोपी ठरलाय, फक्त गुन्हा शोधायचाय," केसरीनाथ म्हणाला. त्याला असा तपास आवडायचा. "आज बुधवार. रविवारी सगला पंचांच्या पुढ्यात."

मुतखडा हा रोग त्याला फक्त बैलांचा म्हणून ठाऊक होता.

३

तुळशीरामचं घर हॉटेलच्या मागेच, वईच्या पलीकडे. केसरीनाथ दुपारी गेला तेव्हा धोंडूबाईची सून कमळ ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. वीस-एकवीसची असेल. तिनं पाटलाच्या उजव्या पायाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप पडलं.

'घाबरली,' केसरीनाथनं मनात नोंद केली. 'आरोपी कायद्याला घाबरतो.'

आत तुळशीराम भरदुपारी घोरत होता. त्याला हलवून उठवलं तर तो भिंतीकडे बघत बसला, जणू भिंत कालच बांधलीय.

"काय रं, कोनावर संशय?"

"धीभ," तुळशीराम म्हणाला. त्याची जीभ कडेनं सुजून जांभळी झाली होती. "थावली."

"चावली? चहा गरम असंल," केसरीनाथ म्हणाला, आणि तो मुद्दा निकालात निघाला.

तो ओटीवर येऊन बसला आणि आवाज जड करून म्हणाला, "सूनबाय, खरां सांग. ह्या तांदळातला खडा तू कुठं टाकतेस?"

कमळ उठली, आत गेली, आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन आली. तो अर्धा खड्यांनी भरला होता.

"ह्या आठवड्याचे," ती म्हणाली. "आळ आला तवापासनं एक पन टाकला न्हाय. हे ह्यांच्या पोटान गेले असते तं ह्यांच्या पोटान कुंपनाची भिंत उभी राहिली असती. आनि पाटील, त्याच टोपातला भात मी खाते, सासूबाय खातात, हौसा खाते. आमाला कोनाला दगर झाला?"

केसरीनाथनं डबा हलवून पाहिला आणि म्हणाला, "हुशार आरोपी असाच बोलतो. बरं, तुमी कोनी खात न्हाय आनि तुळशीराम एकटा खातो, असा काय हाय?"

कमळनं विचार केला. "अंगारा."

"कसला अंगारा?"

"मुंबईच्या कुठल्या बाबाचा. सासूबाय महिन्याला जाऊन आनतात. सकाळ-संध्याकाळ एक पुडी ह्यांना, पान्यातनं. मना हात पन लावू देत न्हाईत."

केसरीनाथनं चटकन हात जोडून कपाळाला लावले. अंगाऱ्यावर संशय घ्यायला तो काय वेडा होता? उलट त्याला कल्पना सुचली. तेवढ्यात धोंडूबाई आली, तर तो म्हणाला, "आक्का, तपास अवघड हाय. तुझ्या बाबाचा अंगारा मना पन दे. मार्ग दिसंल."

धोंडूबाईचा चेहरा पडला. "तुमाला? तो... तो माझ्या लेकाच्या नावाचा हाय."

"देवाच्या दारान नाव असतंय का? दे, चार पुड्या दे."

पोलीस पाटील अंगारा मागतो तेव्हा नाही कशी म्हणायची? ती देवघरात गेली, बराच वेळ आत राहिली, आणि वर्तमानपत्राच्या चार पुड्या घेऊन आली. केसरीनाथनं एक तिथल्या तिथे जिभेवर घेऊन वर पाणी प्यायला. जाम कडू लागला. जागृत देव असा कडूच लागणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

तो निघाला तर कमळ वईपर्यंत मागे आली.

"पाटील, रविवारी मना घालवली तं मानकोलीला भाव माझे घेऊन जातील. पन तिथं दोन भावजया हायत. त्या मना पानी पन मोजून देतील." ती थांबली. "मना जायला जागाच न्हाय. तुमी म्हाईत असलेलाच सांगा, एवढाच."

आणि पुन्हा एकदा तिनं त्याच्या अनवाणी पायाकडे पाहून तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, हे त्याला कळलं नाही.

४

गुरुवारी केसरीनाथ भिवंडीला गेला. निघताना तिसरी पुडी घेतली. दुसरी आदल्या संध्याकाळीच घेतली होती.

लूमच्या शेडमध्ये मुलाखत घ्यायची म्हणजे दोघांनी एकमेकांच्या कानात भांडायचं. तुळशीरामच्या शेजारच्या चार लूमवर इस्माईलभाई होता, आझमगढचा, वीस वर्षं भिवंडीत. केसरीनाथनं हिंदी काढलं.

"तुम तुलशीराम को चुना खिलाता है क्या?"

"क्या?"

"चुना! तंबाखू में!"

"अरे पाटीलसाब, चूना तो यहाँ सब खाते हैं! चूने से पत्थर बनता तो आधी भिवंडी कब की दीवार हो जाती!" इस्माईलभाईनं तुटलेला धागा न बघता गाठ मारून दिला. "लेकिन आदमी को कुछ हुआ है. सात-आठ महीने से देख रहा हूँ. आधा शिफ्ट तो पेशाब में जाता है. उसके लूम मैं देखता हूँ."

"और?"

"बोलता है उँगलियों में चींटियाँ चलती हैं. धागा पकड़ में नहीं आता. और एक दिन मैंने गोटीवाला सोडा पिलाया, तो थूक दिया! बोला लोहे जैसा लगता है. सोडेवाले से मारामारी होते-होते बची."

केसरीनाथनं वहीत लिहिलं: लघवी. मुंग्या. सोडा. तिसऱ्या शब्दाखाली त्यानं दोन रेघा मारल्या. आरोपी हाती आला होता! सोडेवाल्याच्या पाण्यातच काहीतरी लोखंडाचा, दगडाचा भुगा असणार. त्यानं इस्माईलभाईला ओढत रस्त्यावरच्या गाडीवर नेलं, एक बाटली फोडायला लावली आणि पहिला घोट स्वतः घेतला.

थू! गंजलेला खिळा चाटल्यासारखा, मेलेला सोडा.

"पकडा!" तो ओरडला. "हा बघ आरोपी! पंचनामा करा!"

सोडेवाला हातातली दुसरी बाटली उगारून पुढे आला. इस्माईलभाईनं मधे पडून उरलेला सोडा एका दमात पिऊन टाकला आणि ढेकर दिला.

"फस्ट क्लास है, पाटीलसाब. एकदम ठंडा. आपको क्या हुआ?"

केसरीनाथला उत्तर द्यायचं होतं. पण त्याला घाईची लागली होती, सकाळपासून सहाव्यांदा. आणि धोतराचा सोगा सावरताना त्याच्या लक्षात आलं, की बोटांच्या टोकांवर मुंग्या चालतायत.

५

"मना पन झाला," घरी येऊन तो बायकोला, काशीला, म्हणाला. "मुतखडा. आरोपीनं मलाच धरला. तपास करनाऱ्याला!"

काशी कोलंबी सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "तुळशीरामकडं जेवलाव काय?"

"न्हाय."

"चहा?"

"न्हाय."

"मंग त्याच्या पोटान गेला आनि तुमच्या पोटान गेला, असा काय हाय?"

"काय न्हाय. देवाचा अंगारा तेवढा."

काशीनं एका कोलंबीचं डोकं मोडलं. केसरीनाथनं खिशातून चौथी पुडी काढली आणि उजेडात उघडली.

राखाडी राख. चुलीचीच दिसत होती. पण तिच्यात पांढरे कण चमकत होते. त्यातला एक मोठा होता, गोल कडेचा, पाटा-वरवंट्यातून सुटलेला. त्यावर मधोमध सरळ रेघ होती.

देव सगळं करू शकतो. पण देव गोळीच्या मधोमध दोन तुकडे करायची खाच पाडत नाही.

शनिवारी सकाळी तो ती पुडी घेऊन भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टर गुर्जरांसमोर उभा राहिला. तुळशीरामचा फोटो काढणारे हेच. चाळिशीचे, समोर तीसेक पेशंटची रांग, डोक्यावर पंखा न फिरणारा.

"ह्या तुकड्यावरून मी काय सांगणार?" डॉक्टर म्हणाले. "गोळी पांढरी आहे, एवढंच सांगतो."

"मंग हे ऐका. बोटांत मुंग्या. सारखी लघवी. आनि सोडा लोखंडासारखा लागतो. तुळशीरामला पन आनि ही खाल्ल्यावर मना पन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सोडा? सोडा बेचव लागतो?" ते हळूच म्हणाले. "अ‍ॅसिटाझोलामाइड असेल. तिचंच हे लक्षण सांगतात. आणि ती गोळी घेणाऱ्या कुणाकुणाला मुतखडा होऊ शकतो. लघवीचा गुण बदलतो, मग खडे धरतात. पण ही गोळी त्याला कशाला? डोळ्यात दाब वाढला की देतात. त्याचे डोळे कसे आहेत?"

"घारीसारखे."

"मग दुसरं कारण उरतं. फिट येते का त्याला? आकडी?"

"छे! त्याची आई बोलली, डोकां पन कंदी दुखला न्हाय."

"मलाही तिनं तेच सांगितलं. तीनदा विचारलं मी, काही औषध चालू आहे का. तीनदा नाही." डॉक्टर वैतागले. "पाटील, लोक फिट लपवतात. लग्न जमत नाही म्हणून. पेशंट आणतात ते जीभ चावलेला, झोपेत बरळणारा, आणि विचारलं तर म्हणतात पाय घसरला. औषधाचं नाव काढत नाहीत, आणि फिट आली की धावतात चामड्याची चपल नाकाला लावायला..."

ते थांबले, कारण केसरीनाथ खाली वाकून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता.

"काय झालं पायाला?"

"नवस हाय," केसरीनाथ सवयीनं म्हणाला. मग त्यानं तो पाय पुढे केला. "न्हाय, डॉक्टर. नवस न्हाय. पुरावा हाय."

६

खरा तपास करणारा शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतो, हे केसरीनाथनं कुठंतरी ऐकलं होतं. त्यानं रविवारी सकाळी धोंडूबाई, तुळशीराम आणि कमळ यांना ओटीवर बसवलं. हौसाला मावशीकडं धाडलं. गावकीला दोन तास होते.

"बुधवारी सकाली," त्यानं सुरुवात केली, "आक्का माझ्या ओट्यावर बसली होती. तवाच हाटेलातनं माझी एक चपल गेली. चोराला घालायची असती तं दोन नेल्या असत्या. कुत्र्याला चावायची असती तं पट्टा तरी मिलाला असता. एक चपल कशाला लागते? नाकाला लावायला. दुपारी तुळशीराम मेल्यावानी झोपलेला, जीभ चावलेली. आनि माझा पाय बघून सूप कुनाच्या हातनं पडला?"

कमळ उठली. कणगीच्या मागे हात घालून तिनं चपल काढली आणि पाटलाच्या पुढ्यात ठेवली.

"आमच्या घरान समदी रबराची," ती खाली बघत म्हणाली. "चामड्याची न्हवती. हे अंगनान पडले, तोंडान फेस. मी वईतनं हात घातला. मंग परत ठेवायला गेली तं तुमी नवसाचा सांगत होताव. नवसाच्या मधी कशी ठेवू?"

धोंडूबाईचा रंग उडाला. "तुला... तुला म्हाईत हाय?"

"लगनानंतर तिसऱ्या दिवसापासनं, सासूबाय. मी बोलली न्हाय. मना वाटला तुमाला म्हाईत न्हाय, ऐकून तुमी खचाल."

"मना न्हाय म्हाईत? बारा वर्साचा होता तवापासनं मी..." धोंडूबाईनं करंड्यावर हात ठेवला.

तुळशीराम दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. "मना वाटला कमळला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "झोपेत फिट आली तं तिला कलंल, म्हनून मी रातभर जागाच असतो. आठ महिने."

"आनि जागरनानं फिट जास्त येते, असा डॉक्टर बोलला," केसरीनाथ म्हणाला. हे सांगून काही उपयोग नव्हता, पण त्यालाही कुठंतरी शहाणं दिसायचं होतं.

मग अंगाऱ्याचं सगळं बाहेर पडलं. मुंबईच्या डॉक्टरकडून गोळ्या यायच्या. सुनेनं बघू नये म्हणून धोंडूबाई त्या वाटून चुलीच्या राखेत मिसळायची. किती पडायची? चिमटीत येईल तेवढी. अमावास्या-पौर्णिमेला दुप्पट, कारण तेव्हा बाधा वाढते. उन्हाळ्यात एक जादा.

"परसाद जास्त खाल्ला म्हनून काय होतं, असा मना वाटला," ती म्हणाली. तिनं करंडा पदराखाली धरला होता. "म्हनजे दगर मीच घातले? माझ्या हातानं?"

केसरीनाथला पहिल्यांदाच आरोपी सापडला होता, आणि त्याचं काय करायचं ते कुठल्याच कायद्यात नव्हतं.

"बंद करते. आजपासनं बंद," धोंडूबाई म्हणाली.

"एकदम बंद केली तं फिट उसळंल. डॉक्टरनं बजावलाय. मुंबईच्या डॉक्टरला खडे दाखवायचे, तो दुसरी गोळी देईल. हळूहळू बदलंल."

"दुसरीनं बरां वाटंल?" तुळशीरामनं विचारलं.

"झोप येते म्हनं."

"लूमवर?"

हाच प्रश्न केसरीनाथनं डॉक्टरांना विचारला होता. तेव्हा डॉक्टरांनी बंद पंख्याकडे पाहिलं होतं. आता केसरीनाथनं आढ्याकडे पाहिलं.

बाहेर बैलगाडी थांबली. मानकोलीवरनं कमळचे दोन भाऊ आले होते. देवळात घंटा वाजत होती. गावकी आता मोडता येत नव्हती. गावानं आरोपी बघायला रविवार राखून ठेवला होता. खरं सांगावं, तर भाऊ 'फसवून लगीन केला' म्हणून बहिणीला तिथल्या तिथं उचलणार, हौसाचं लगीन मोडणार, आणि लूमचा शेठ तुळशीरामला शेडमध्ये उभा करणार नाही. काहीच न सांगावं, तर आळ होता तिथंच, कमळच्या माथ्यावर.

"पाटील," कमळ म्हणाली. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मना ह्याच घरान नांदायचाय. म्हाईत असून नांदायचाय. ह्यांना पन सांगा, रातचे झोपा म्हनून."

केसरीनाथनं चपल पायात घातली. आता त्याला असा आरोपी हवा होता, ज्याला भाऊ नाही, सोयरा नाही, आणि जो उलटून बोलणार नाही.

७

मारुतीच्या देवळासमोर पाच पंच बसले होते. त्यातला एक दामू. तांदळाचं नाव निघतं की काय म्हणून तो सकाळपासून मारुतीला तेल घालत होता, आता चौथी वाटी चालू होती. कमळचे भाऊ हाताची घडी घालून खांबाला टेकले होते.

"बोला पाटील," थोरला पंच म्हणाला. "खडे कोनी घातले?"

केसरीनाथ उभा राहिला. त्यानं घसा साफ केला. पंचांकडे पाहिलं, भावांकडे पाहिलं, मग गर्दीवरून लांब नजर टाकली. लांब नजरेत जे पहिलं आलं, तेच त्यानं पकडलं.

"विहिरीनं!" तो म्हणाला.

पाचही पंच वळून विहिरीकडे बघायला लागले.

"गावची विहीर! दगरी बांधकाम, किती वर्साचा कोनाला म्हाईत न्हाय. पान्यानं दगर झिजतो. झिजलेला दगर जातो कुठं? कळशीत. कळशीतनं? पोटान! सूनबाय बिचारी तांदळातले खडे डब्यान भरते, पन पान्यातले कशी वेचनार? माझ्या पन बोटांना मुंग्या आल्या, त्याच पान्यानं! मी सोता तपासला, सोताच्या पोटावर!"

हे इतकं जोरात सांगितलं गेलं की ते खरं वाटायला लागलं. म्हाताऱ्यांना आठवलं, की त्या विहिरीचं पाणी त्यांना कधीच आवडलं नव्हतं. दामू ओरडला, "बरोबर हाय! विहीरच!" आणि पाचवी वाटी त्यानं आनंदानं मारुतीच्या डोक्यावर ओतली.

धोंडूबाई उठली, आणि सगळ्या गावासमोर तिनं सुनेचा हात धरला. तिला काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "चल, घरी चल. भात करपंल." चुलीवर भात नव्हता. कमळ तिच्याबरोबर गेली. भाऊ जेवून मानकोलीला परतले. सोमवारी सासू-सून दोघी तुळशीरामला घेऊन मुंबईच्या डॉक्टरकडं गेल्या, पहिल्यांदाच दोघी. नवी गोळी मिळाली. आतले दोन खडे पडतील का, कधी पडतील, हे तिथंही कोणी सांगू शकलं नाही. भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

निकाल पंचांनी रविवारीच अमलात आणला होता. विहिरीत दोन गाड्या बाभळीच्या काट्या टाकून वर फळ्या ठोकल्या, आणि आरोपीचं तोंड बंद झालं. दुसरं गोडं पाणी कोसभर लांब होतं. घरटी दोन हंडे यायचे, तेही खेपा घालून. एप्रिल संपला, मे तापला, आणि माणसं तांब्याऐवजी पेल्यानं पाणी प्यायला लागली. केसरीनाथनं दोनदा पंचांना सांगून पाहिलं की आरोपीला जामिनावर सोडा. पंच म्हणाले, पाटील, तुमचाच तपास, तुमीच मोडायचा?

मेच्या अखेरीला कोन गावातून मुतखड्याचे आणखी चार पेशंट भिवंडीच्या दवाखान्यात दाखल झाले. चौथा पोलीस पाटील केसरीनाथ होता.